वॉटर्लूच्या पुढचं नाव

रॉयल स्कॉट्स या स्कॉटिश पलटणीच्या युद्धसन्मानांची यादी वाचताना नागपूरकराची नजर एका जागी अडते ती अडतेच. ब्लेनहाइम, रामिली, माल्प्लाके, कोरुना, सालामांका, नायगरा, वॉटर्लू. आणि वॉटर्लूच्या लगेच पुढे नागपूर. त्यानंतर महिदपूर, मग ब्रह्मदेशातलं आवा, मग क्रिमियातलं आल्मा. नेपोलियनचा कायमचा निकाल लावणाऱ्या लढाईला खेटून आमच्या गावाचं नाव.

ही पलटण काही ऐरीगैरी नव्हे. ब्रिटिश पायदळाच्या क्रमवारीत ती पहिली. १६३३ साली सर जॉन हेपबर्न याने स्कॉटलंडात माणसं जमवून ती फ्रान्सच्या राजाच्या चाकरीसाठी उभी केली. ती इतकी जुनी की इतर पलटणींचे शिपाई तिला गमतीने येशूच्या काळातल्या पिलाताची अंगरक्षक पलटण म्हणत. वॉटर्लूला तिची तिसरी बटालियन लढली, जून १८१५ मध्ये. दुसरी बटालियन मात्र १८०७ पासून हिंदुस्थानात होती. वॉटर्लूनंतर अडीच वर्षांनी नागपूरचं नाव यादीत आलं ते या दुसऱ्या बटालियनमुळे.

आता प्रश्न असा, की नागपूरची ती लढाई नेमकी कोणती?

इथल्या कुणालाही विचारा, तो बर्डीच्या टेकडीकडे बोट दाखवेल. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई. शाळेत शिकवतात तीच. टेकडीवरच्या किल्ल्यात त्या लढाईत पडलेल्यांची थडगी आहेत, आणि प्रजासत्ताकदिनी, स्वातंत्र्यदिनी किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा माणसं लेकराबाळांसह ती पाहायला जातात. स्कॉटिश पलटणीचं नागपूर इथेच सापडेल असं कुणालाही वाटावं. पण त्या रात्री टेकडीवर कोण कोण होतं याचा हिशेब लावायला बसलं, की हे उत्तर हातातून निसटतं.

टेकडीवर मद्रासच्या देशी पायदळाच्या दोन बटालियन होत्या, विसाव्या आणि चोविसाव्या रेजिमेंटच्या पहिल्या बटालियन. बंगालच्या सहाव्या घोडदळाच्या तीन तुकड्या होत्या. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या पहाऱ्याचे शिपाई होते, थोडे तोफखान्याचे लोक होते. सगळे मिळून जेमतेम चौदाशे. गोरी पायदळ पलटण एकही नव्हती. सेनापतीचं आडनाव तेवढं स्कॉट, पण रॉयल स्कॉट्सशी त्याचा संबंध नाही.

समोर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांची फौज अठरा-वीस हजारांची, त्यात तीन-चार हजार अरब. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्री उशिरापर्यंत चालला. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. आता सगळं संपलं असं वाटत असताना कॅप्टन फिट्झजेरल्डने आपल्या तीन तुकड्या घेऊन पायथ्याच्या मैदानातल्या मराठी घोडदळावर झडप घातली आणि त्यांच्या दोन तोफा काबीज केल्या. जवळपास त्याच सुमाराला लहान टेकडीवर अरबांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात मद्रासी शिपाई संगिनी घेऊन उतरले आणि दुपारपर्यंत टेकडी परत त्यांची झाली. ईस्ट इंडिया कंपनीची ठार-जखमी माणसं ३६७. म्हणजे चारांतलं एक माणूस पडलं.

या चोविसाव्या रेजिमेंटची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती मुळात मद्रासची पहिली रेजिमेंट. १८०६ साली वेल्लोरच्या किल्ल्यात नव्या पगडीवरून आणि कपाळावरच्या गंधावर घातलेल्या बंदीवरून शिपाई उठले, त्या बंडात ती सामील होती. शिक्षा म्हणून तिचा नंबर काढून घेतला आणि यादीत खाली ढकललं. सीताबर्डीनंतर बक्षीस काय हवं असं विचारल्यावर या शिपायांनी आपला जुना पहिला नंबर परत मागितला आणि तो त्यांना मिळाला. दूर मद्रास इलाख्यातल्या गावांमधून आलेली ही माणसं नागपूरच्या एका टेकडीवर आपला गेलेला मान परत मिळवायला लढली, ही गोष्ट मला त्या लढाईतल्या कुठल्याही सेनापतीपेक्षा मोठी वाटते. ज्यांच्या विरुद्ध ती लढली तेही इथलेच आणि ज्यांच्यासाठी लढली ते परके, हे दुःख वेगळं.

तर सीताबर्डीचा सन्मान वेगळा होता आणि तो सीताबर्डी याच नावाने देशी पलटणींना मिळाला. रॉयल स्कॉट्सच्या यादीतलं नागपूर त्यानंतरचं आहे. ते शोधायचं तर बर्डीवरून खाली उतरून नाग नदीच्या पलीकडे, सक्करदऱ्याकडे जावं लागतं.

सीताबर्डीच्या लढाईनंतर चहूकडून कंपनीच्या फौजा नागपूरकडे धावल्या. दोन दिवसांतच लेफ्टनंट कर्नल गहानची कुमक पोचली. मग १२ डिसेंबरला वऱ्हाडाकडून ब्रिगेडियर जनरल जॉन डव्हटन आला आणि त्याच्याबरोबर रॉयल स्कॉट्सच्या दुसऱ्या बटालियनचा एक भाग आला. नागपूरने पाहिलेली ही बहुधा पहिली स्कॉटिश पलटण. चित्रांतले स्कॉटिश शिपाई आठवून कुणी किल्ट नेसलेले, रंगीत चौकटीच्या कापडातले गोरे डोळ्यांपुढे आणत असेल, तर तसं नव्हतं. किल्ट हा हायलँड भागातल्या पलटणींचा वेश. रॉयल स्कॉट्स ही लोलँडची, सखल मुलखाची पलटण. लाल डगला, विजार, उंच टोपी, खांद्यावर मस्केट. इतर कुठल्याही इंग्रजी पायदळासारखीच ती दिसत असणार. स्कॉटिशपण होतं ते नावात, बोलीत, सेंट अँड्र्यूच्या चिन्हात आणि काटेरी थिसलच्या फुलात.

पण नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला स्कॉटिश पलटण नवी नव्हती. चौदा वर्षांपूर्वीची गाठ कडवट होती.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. शिंदे आणि रघूजी भोसले यांची एकत्र फौज केळणा नदीपलीकडे पसरलेली. इकडून आर्थर वेलस्ली, पुढे ज्याने वॉटर्लू जिंकलं तोच. नदीला उतार कुठे आहे ते वाटाडे सांगेनात. नाहीच म्हणाले. वेलस्लीने दुर्बीण लावली तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळ गावं वसली आहेत म्हणजे माणसांची, जनावरांची ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क बांधला. माणूस पाठवला. उतार निघाला. खेड्यांत राहिलेल्या कुणालाही सुचावी अशी ही साधी गोष्ट, पण तिच्यावर एक राज्य फिरलं. त्या उतारावरून गेलेल्या फौजेत दोन हायलँड पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. लढाईच्या गर्दीत ७४ वी उजवीकडे भरकटत थेट असई गावाच्या तोफांपुढे गेली. पाचशेंपैकी सुमारे चारशे माणसं ठार वा जखमी झाली, अधिकारी तर जवळपास सगळे पडले. या पलटणीच्या बिल्ल्यावर पुढे हत्ती आणि असई हे नाव कोरलं गेलं.

मग २९ नोव्हेंबरला अकोल्याकडची अडगावची लढाई, तिथे नागपूरच्या फौजेचं नेतृत्व रघूजींचे भाऊ व्यंकोजी करत होते. आणि १५ डिसेंबरला गाविलगड. चिखलदऱ्याच्या वाटेवर आजही ज्याची तटबंदी पाहून जीव दडपतो तो किल्ला. बाहेरचा तट फुटला तरी आतला तट शाबूत होता आणि त्याच्या दरवाजांची वाट अरुंद, वळणावळणाची. ९४ वी म्हणजे स्कॉच ब्रिगेड नावाची पलटण. तिच्या हलक्या कंपनीने कॅप्टन कॅम्बेलच्या मागोमाग दरीतून वाट काढली, शिड्या लावल्या, तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. त्या तहानंतर नागपूरला रेसिडेंट म्हणून बसला तो माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन, तोही स्कॉटिश.

नागपूरला आज स्कॉटलंडची आठवण आहे ती हिस्लॉप कॉलेजमुळे, म्हणजे पाद्री आणि भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉपमुळे. तो इथे आला १८४५ साली. त्याच्या आधी चाळीस वर्षं स्कॉटलंड नागपूरला भेटलं ते रणात. (१८१७ च्या युद्धातला महिदपूरचा जनरल हिस्लॉप निराळा, त्याचा कॉलेजशी संबंध नाही.)

आता सक्करदरा.

१६ डिसेंबर १८१७ ची सकाळ. जेन्किन्सच्या अटी आधीच गेल्या होत्या. तोफा स्वाधीन करा, अरबांना निरोप द्या, शहर ताब्यात द्या, राजाने स्वतः रेसिडेन्सीत येऊन राहावं. अप्पासाहेबांनी मन घट्ट करून की मोडून, ते सांगणं अवघड, पण सकाळी रेसिडेन्सीचा उंबरा ओलांडला. तीन आठवड्यांपूर्वी, २४ नोव्हेंबरला, त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतीची वस्त्रं आणि जरीपटका थाटाने स्वीकारला होता. पुण्याजवळ खडकीला ५ नोव्हेंबरला पेशवा आधीच हरला होता, तरीही. आणि आता ते शत्रूच्या छावणीत होते.

राजा आला म्हणजे लढाई संपली असं डव्हटनला वाटलं नाही, आणि त्याचा अंदाज बरोबर निघाला. दुपारी तो तोफा ताब्यात घ्यायला निघाला तेव्हा फौजेला लढाईच्या रचनेतच चालवलं. पहिल्या ठाण्यावरच्या तोफा विनातक्रार मिळाल्या. पुढे सक्करदऱ्याच्या बागेकडे सरकताच समोरच्या मोर्च्यांतून आगीचा वर्षाव सुरू झाला. गणपतराव सुभेदाराची फौज राजाचा हुकूम मानायला तयार नव्हती. मग पायदळ मोर्च्यांवर चालून गेलं, त्यात रॉयल स्कॉट्स. उजवीकडून घोडदळ आणि घोड्यांचा तोफखाना फिरला. थोड्या तासांत भोसल्यांची छावणी, तोफा, हत्ती सगळं कंपनीच्या हाती पडलं. आज जिथे सक्करदरा चौकात उड्डाणपुलाखालून वाहनं धावतात त्याच परिसरात नागपूरच्या राज्याची उभी फौज मोडली.

युद्धसन्मानातलं नागपूर हेच. १६ डिसेंबर, सक्करदरा. शोध इथे संपायला हरकत नव्हती. पण सन्मानाच्या शब्दात जे लिहिलेलं असतं त्याच्या पुढच्या आठवड्यात काय झालं हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच दडली होती.

फौज मोडली, पण शहर पडलं नव्हतं. मानभटाच्या नेतृत्वाखाली अरब आणि हिंदुस्थानी शिबंदी महाल या शहराच्या जुन्या भागात शिरली आणि दरवाजे बंद करून बसली. राजा इंग्रजांकडे, राजवाडा यांच्याकडे. हे अरब बहुतेक हद्रमौतकडचे, पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले, मराठी दौलतींमध्ये किल्ल्यांच्या आणि खजिन्याच्या रखवालीवर ठेवलेले. पगार इतरांपेक्षा जास्त, पण तटाच्या आड उभे राहिले की त्यांना हलवणं कठीण, असा त्यांचा लौकिक. त्यांची मागणी होती थकलेल्या पगाराची आणि मानाने बाहेर पडण्याची. बोलणी फिसकटली आणि १९ डिसेंबरच्या सुमारास डव्हटनने शहराला वेढा घालून तोफा डागायला सुरुवात केली.

वेढ्याचा रोख होता जुम्मा दरवाजावर.

जुम्मा दरवाजा म्हटलं तर आज बऱ्याच जणांना पटकन कळणार नाही. गांधीगेट म्हटलं की कळतं. महालात शिरताना, शुक्रवार तलावाजवळचा, आता ज्याला गांधीसागर म्हणतात त्या तलावाजवळचा, तो दगडी दरवाजा. तिथल्या चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, शिवजयंतीला तिथे गर्दी उसळते. एरवी दिवसभर रिक्षा, दुचाकी, हातगाड्या. थांबून वर पाहिलं तर दोन्ही अंगांचे बुरूज आणि मधली कमान अजून आपला मूळ आब राखून आहेत. तलाव समोर असल्यामुळे दरवाजाकडे येणारी वाट उघडी आणि अडचणीची. तोफा कुठे लावल्या असतील, हल्ला करणारे कुठून धावत आले असतील, हे तलावाकडे पाठ करून दोन मिनिटं उभं राहिलं तरी ध्यानात येतं.

२३ डिसेंबरपर्यंत जुम्मा दरवाजाजवळच्या तटाला भगदाड पडलं. २४ ला सकाळी हल्ला करायचं ठरलं. हल्ले एकाहून अधिक ठिकाणी होते, मुख्य हल्ला या भगदाडावर. त्यात रॉयल स्कॉट्सची माणसं होती. सक्करदऱ्याला ज्यांनी मोर्चे घेतले तीच. भगदाडापर्यंत ते पोचले. पण तटामागे मोकळं शहर नव्हतं. तिथे घरं होती, भिंती होती, आणि प्रत्येक आडोशाआड नेम धरून बसलेला अरब होता. आपण दिसतोय आणि समोरचा दिसत नाही, अशा जागी कवायत आणि शिस्त फारशी कामाला येत नाही. माणसं पडत राहिली. पुढे सरकणं अशक्य झालं. अखेर हल्ला मागे घेतला. इतर ठिकाणच्या तुकड्यांनाही माघार घ्यावी लागली.

हा निकाल इंग्रजांच्या नोंदींमध्ये लपवलेला नाही. प्रिन्सेपसारख्या त्या काळच्या लेखकांनी तो सरळ लिहिला आहे. पण युद्धसन्मानाला एकच शब्द लागतो, आणि त्या एका शब्दात सक्करदरा मावतो, जुम्मा दरवाजा मावत नाही.

याच दिवसांत याच बटालियनचं दुसरं अंग शेकडो मैल दूर होतं. तिच्या निवडक दोन कंपन्या माळव्यात जनरल हिस्लॉपच्या फौजेत होत्या आणि २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांच्या तोफांवर चालून गेल्या. यादीत नागपूरपाठोपाठ महिदपूर येतं ते त्यामुळे. एकाच आठवड्यात एकाच बटालियनचे दोन भाग दोन मराठी दौलतींशी लढत होते. पेशवाई, नागपूर आणि इंदूर अशा तीन आघाड्यांवर १८१७ च्या हिवाळ्यात मराठी सत्ता कशी एकाच वेळी आवळली गेली, ते पलटणीच्या या वाटणीतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं तहांच्या कलमांतून दिसत नाही.

२४ तारखेच्या अपयशानंतर डव्हटनने पुन्हा हल्ला केला नाही. बोलणी पुन्हा सुरू झाली. अरबांना आपली शस्त्रं, बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन बाहेर पडायची मुभा मिळाली. अट एकच मोठी, की असीरगडाकडे जायचं नाही. ३० डिसेंबरला ते महालातून निघाले. जुम्मा दरवाजा लढून कुणी घेतला नाही, तो तहाने उघडला. दोन दिवसांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत पुढे होते तेही अरबच.

असीरगडाची ती अट साधी नव्हती, हे पुढच्या दीड वर्षात कळलं. अप्पासाहेबांना ६ जानेवारीच्या करारानुसार गादी परत मिळाली, पण मार्च १८१८ मध्ये जेन्किन्सने त्यांना कैद केलं. प्रयागला नेत असताना १३ मे रोजी वाटेत ते शिपायाच्या वेशात निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आसऱ्याने राहिले, आणि मग असीरगडाच्या आश्रयाला गेले. मार्च १८१९ मध्ये त्या गडाला वेढा पडला तेव्हा सेनापती पुन्हा डव्हटनच होता आणि बरोबर पुन्हा रॉयल स्कॉट्स. वेढ्याच्या सुरुवातीलाच गडावरच्या शिबंदीने बाहेर पडून प्रतिहल्ला केला. त्यात रॉयल स्कॉट्सचा लेफ्टनंट कर्नल फ्रेझर मारला गेला. ९ एप्रिलला गड पडला, पण अप्पासाहेब तिथे सापडले नाहीत. पंजाब, मग राजपुताना असं फिरत ते जोधपूरला स्थिरावले आणि १८४० साली तिथेच वारले. नागपूरच्या राजाचा पाठलाग करणाऱ्या स्कॉटिश पलटणीच्या हाती राजा कधीच लागला नाही, हेही यादीत नाही.

अप्पासाहेबांबद्दल लिहिताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. चुलतभाऊ परसोजीच्या मृत्यूचा ठपका त्यांच्यावर आहे, १८१६ च्या मे महिन्यात तैनाती फौजेचा तह करणारेही तेच. पण जरीपटका हाती घेतल्यावर ते पूर्णपणे मागे हटले नाहीत, आणि त्यांची माणसं तर राजा गेल्यावरही लढली. नागपूरच्या लोकांनी या सगळ्याचा निकाल आपल्या पद्धतीने लावला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत हा पुतळा म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईंची आठवण, असं या शहरात परंपरेने मानलं जातं. दरवर्षी तिची मिरवणूक निघते आणि ती जाळली जाते. ज्या युद्धाबद्दल शाळेच्या पुस्तकात चार ओळी आहेत, ते इथल्या गल्लीत अजून जिवंत आहे.

युद्धाचे व्रण शहरावर इतरही उरले. सीताबर्डीचा किल्ला या लढाईनंतर बांधला गेला. कन्हान नदीकाठी कामठीची छावणी १८२१ साली वसली, ती नागपूरवर कायम नजर ठेवायला. तिथे नंतर एकामागून एक गोऱ्या पलटणी येऊन गेल्या. भोसल्यांची हकीकत त्यांच्याच दरबारच्या माणसाने, काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी, बखरीत लिहिली, आणि ती लिहून घेणारा होता रेसिडेंट जेन्किन्स. विजेत्याच्या सांगण्यावरून पराभूताने लिहिलेला इतिहास वाचताना किती जपून वाचावा लागतो, हे या. मा. काळे यांच्यासारख्या इथल्या इतिहासकारांनी चांगलंच ओळखलं होतं. नागपूर प्रांताचा इतिहास लिहिताना त्यांनी इथल्या बाजूने पाहण्याचा जो पाया घातला, त्यावर पुढे फारसं बांधकाम झालं नाही, याचं वाईट वाटतं. जुम्मा दरवाजाच्या आतून ती सकाळ कशी दिसली हे सांगणारं कथन आपल्या हाती हवं. इंग्रजांच्या बाजूचं कथन ग्रंथालयात सहज मिळतं.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने एक निर्णय घेतला, आणि तो मला योग्य वाटतो. देशी राज्यांविरुद्ध कंपनीच्या बाजूने मिळवलेले युद्धसन्मान भारतीय पलटणी मिरवत नाहीत. सीताबर्डी, नागपूर, असई ही नावं त्यामुळे आपल्या निशाणांवरून उतरली. स्कॉटलंडात मात्र रॉयल स्कॉट्सच्या यादीत नागपूर शेवटपर्यंत राहिलं. २००६ साली ही पलटण इतर स्कॉटिश पलटणींसोबत विलीन झाली, तोवर तिचं वय होतं ३७३ वर्षं. एडिंबरोच्या किल्ल्यात तिचं संग्रहालय आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी ते जरूर पाहावं, आणि वॉटर्लूच्या पुढचं नाव वाचताना लक्षात ठेवावं की ते सक्करदऱ्याचं आहे.

आणि नागपूरकरांना एक विनंती. येत्या २४ डिसेंबरला महालात काही काम निघालं तर गांधीगेटपाशी पाच मिनिटं थांबा. बरोबर लेकरं असतील तर त्यांना दरवाजा दाखवा, तलाव दाखवा, हल्ला कुठून आला असेल ते त्यांना सांगू द्या, मुलांना ते चटकन कळतं. महानगरपालिकेने तिथे जुम्मा दरवाजा हे जुनं नाव आणि २४ डिसेंबर १८१७ ही तारीख ठळक मराठीत लावावी. वॉटर्लू गाजवलेल्या पलटणीला या दरवाजातून परत फिरावं लागलं होतं.